दुपारच्या फेऱ्या

"हं, वळव बघू," आबा म्हणाले आणि हाताची घडी घालून धक्क्याच्या कठड्याला टेकले.

सुनेने नावेच्या मागच्या टोकाला बसवलेल्या इंजिनाचा दांडा दोन्ही हातांनी धरला, पाय फळीला रोवले आणि सगळा जोर लावला. दांडा तसूभरही हलला नाही. सासऱ्यांची अट साधी होती: ज्या दिवशी ती एकटी नाव वळवून दाखवेल, त्या दिवसापासून माणसं पलीकडे पोचवायच्या दुपारच्या फेऱ्या तिच्या. तिला त्या मनापासून हव्या होत्या. चार भिंतींत तिचा जीव गुदमरायचा.

"ही नाव दंड ओळखते, पोरी."

आबांचा दंड होताच तसा. दांडा ढकलून ढकलून डावा उजव्याच्या दीडपट झाला होता. प्रत्येक नव्या शर्टाची डावी बाही उसवून सासूबाईंना तिला कापड जोडावं लागे, आणि आबा ते चारचौघांत मिरवत.

सुनेने इंजिन झुकवून पाण्याबाहेर घेतलं आणि दांडा घट्ट-सैल करायचा खालचा स्क्रू सोडून पाहिला. काही फरक नाही. म्हणजे दुखणं दांड्यात नव्हतं. मग इंजिन ज्या खुंटावर डावी-उजवीकडे फिरतं, त्यावरून तिने बोट फिरवलं. एक गुळगुळीत फोड हाताला लागला. खरवडला तर निळा रंग निघाला, त्याखाली हिरवा, त्याखाली पुन्हा निळा. सगळ्यात खाली ग्रीस भरायचं तोंड.

"आबा, यात ग्रीस कधी भरलं होतं?"

"दर वर्षी रंग देतो की!"

"तोंडावरच दिलात. बिचारी उपाशी राहिली."

तिने तोंड मोकळं केलं, गरम पाण्यातून पिळलेली फडकी खुंटाला गुंडाळली आणि ग्रीसचा पंप लावला. माहेरी गॅरेज होतं, असली अडेलतट्टू खोडं तिने पुष्कळ पाहिली होती. दाबत राहिली, मधेमधे इंजिन हलवत राहिली. खालून आधी तपकिरी ढेकळं पडली, मग गंजाचं पाणी आणि अखेर ताजं ग्रीस. दांडा करंगळीने फिरू लागला. स्क्रू तिने बेताने आवळला.

"ही लबाडी झाली," आबा म्हणाले.

"अट नाव वळवायची होती, आबा. हात मोडून घ्यायची कुठे होती?"

"सरक. आधी मी बघतो."

सासूबाईही नावेत येऊन बसल्या. एवढी गंमत त्या सोडणार नव्हत्या. आबांनी नाव हाकारली आणि सवयीप्रमाणे दांड्याला खांद्यासकट धक्का दिला. नाव गर्रकन फिरून आल्या वाटेला तोंड करून उभी राहिली. त्यांनी उलटा धक्का दिला, ती दुसऱ्या बाजूला फिरली.

"आबा, सकाळी सकाळी?" पलीकडच्या धक्क्यावरून कुणीतरी ओरडलं.

आबांनी आयुष्यात दारूला हात लावला नव्हता. त्यांनी आणखी एकदा प्रयत्न केला, आणि नावेने आणखी एक गिरकी घेतली. मग ते उठले, तोल सांभाळत पुढच्या फळीवर गेले आणि सुनेकडे पाठ करून बसले. त्या फळीवर आजवर फक्त प्रवासी बसत.

सुनेने दांडा हातात घेतला. नाव सरळ झाली.

"दुपारच्या फेऱ्या तुझ्या," आबा मागे न बघता म्हणाले. "सकाळी मला शिकव."

"शिकवते की," ती म्हणाली. आनंद तिच्या तोंडावर मावत नव्हता.

धक्क्याआधीचं वळण आलं. तिने दोन बोटांनी दांडा ढकलला. पुढच्या फळीवर आबांचा डावा खांदा आपोआप, सगळ्या जोरानिशी हवेत ढकलला गेला.

सासूबाईंनी ते पाहिलं आणि पुढे वाकून आबांच्या बाहीवरची जोडाची शिवण बोटाने चाचपली.

"चला," त्या म्हणाल्या, "पुढचा शर्ट दुकानातला जसाच्या तसा."