शेजारची सीट
आत झोपायची सोय असलेली कॅम्पर व्हॅन जुनी झाली, आता नवी घेऊ, असा नवऱ्याने तिच्यामागे धोशा लावला होता. तो गाडी सर्व्हिसिंगला नेऊन आणायचा, तेव्हा शेजारची सीट पुढे सरकलेली असायची आणि तिचे लांब पाय डॅशबोर्डला आपटायचे. ती दर वेळी सीट मागे घ्यायची. परवा त्याच सीटवरून तिला स्वतःची ठेंगणी मैत्रीण उतरताना दिसली. आज सासूबाईंना घेऊन दोघं शोरूममध्ये आली. “जुनी एक्स्चेंजमध्ये देणार ना?” सेल्समनने विचारलं. “देऊन टाकू,” नवरा घाईघाईने म्हणाला. “नाही,” ती म्हणाली. “नवी माझ्या नावावर करा. जुनी यांना लागेल. आजपासून हे तिच्यातच झोपणार आहेत, एकटे नाहीतर माझ्या मैत्रिणीबरोबर.” नवऱ्याचा चेहरा खर्रकन उतरला. त्याने आशेने आईकडे पाहिलं. सासूबाईंनी सुनेचा हात धरला. “त्याची उशी मी ठेवते गाडीत.”