शेततळ्याचा काठ

शेततळ्याच्या प्लास्टिकवरून पाय घसरून धर्मराज पाण्यात गेले, तेव्हा काठावर त्यांची सून शीतल एकटीच होती. ते वर चढायला बघायचे आणि शेवाळावरून परत खाली घसरायचे. शीतलला पोहता येत नव्हतं. तिनं जीव तोडून हाका मारल्या, पण आसपासच्या वावरांत कुणीच दिसेना.

तिनं ठिबकची नळी ओढून पाण्यात टाकली. ती सासऱ्यांच्या ओल्या हातांतून निसटली.

"सूनबाई, दम न्हाई ऱ्हायला आता," ते म्हणाले आणि नाकापर्यंत बुडाले.

ज्या माणसासमोर डोक्यावरचा पदर कधी ढळू दिला नव्हता, त्याच्यासमोर शीतलनं अंगावरची साडी फेडली. हात इतके थरथरत होते की धरून ठेवणं जमणारच नव्हतं. म्हणून तिनं एक टोक कुंपणाच्या लोखंडी खांबाला बांधलं, दातांनी गाठ आवळली आणि दुसरं टोक खाली सोडलं.

"मामा, मनगटाला गुंडाळा! चढा जल्दी!"

ते वर आले आणि काठावर पालथे पडले. मग मात्र शीतलला असं कापरं भरलं की गाठ सोडवून ओली साडी अंगाभोवती घेता येईना. तेवढ्यात हाका ऐकून चार-पाच माणसं बांधावरून धावत आली.

धर्मराज धडपडत उठले आणि तिच्याकडे पाठ करून, दोन्ही हात पसरून उभे राहिले.

"तिथंच थांबा! तोंडं फिरवा! माझी लेक साडी नेसून राह्यली."