गाडी नसलेली पिशवी

तीस वर्षं चालवलेलं गॅरेज बंद केल्यावर आत्याने घरीच कापडी पिशव्यांवर जुन्या गाड्यांची चित्रं छापायला घेतली. त्यातली एक गाडी हातोहात खपू लागली आणि ती बनवणाऱ्या कंपनीची नोटीस दारात आली. गाडीचं नाव, बिल्ला, पुढची जाळी, एवढंच काय, तिचा आकारसुद्धा आमचा ट्रेडमार्क आहे. छपाई थांबवा, नाहीतर कोर्टात भेटू.

"कायद्याने त्यांचं बरोबर आहे," माझा वकील भाऊ म्हणाला. "उगाच त्यांच्या नादी लागू नकोस, आत्या. गाडी काढून टाक."

"काढते की," आत्या म्हणाली.

आठवड्याभरात नवी पिशवी आली. चित्रात रिकामी फरशी, तिच्यावर तेलाचा काळा डाग, बस्स. ज्यांच्या दारात ती गाडी कधीकाळी उभी राहिली होती, ते डाग बघूनच हसायचे आणि दोन-दोन पिशव्या न्यायचे.

भावाने कपाळाला हात लावला. "अगं, कंपनी हेही ओळखेल. पुन्हा नोटीस पाठवेल."

 

"पाठवू दे ना. फक्त त्यात सहीशिक्क्यानिशी लिहावं लागेल, की हे गळणारं तेल आमच्याच गाडीचं आहे."