लहान मडकं

तिसऱ्या दिवशी सकाळी स्मशानातल्या धोंडिबांनी डॉक्टर टिळेकरांच्या हाती दोन मडकी दिली. मोठ्यात चौतिसाव्या वर्षी गेलेल्या त्यांच्या लेकीच्या, ऋजुताच्या अस्थी होत्या आणि लहानात तिचे दात.

"दात तेवढे नदीत सोडू नका, डॉक्टरसाहेब," धोंडिबा चाचरत म्हणाले. "ते दातांना लावायचं वार्निश आल्यापासून दात जळत नाहीत की झिजत नाहीत. घाटावर नुसता खच पडलाय, लोकांच्या पायांत रुततात."

डॉक्टरांनी ते वार्निश निम्म्या गावाच्या दातांना लावलं होतं, आणि सगळ्यांत आधी ऋजुताच्या. त्यांनी मडक्यात बोटं फिरवली आणि उजवी दाढ लगेच ओळखली. ऋजुता सात वर्षांची असताना तिथं किडीचा पांढरा डाग दिसला होता. डाग तसूभरही पुढे सरकला नव्हता.

"आता या दाढेला शंभर वर्षं काही होत नाही बघ," ब्रश फिरवताना ते तिला म्हणाले होते.

खुर्चीतल्या ऋजुतानं लगेच दोन्ही हात पुढे केले होते. "मग माझ्या सगळ्या अंगालाच लाव ना, बाबा!"

तेव्हा डॉक्टर पोट धरधरून हसले होते.