साडेतीनची भूक

मृण्मयीने बाराला ताट वाढलं, पण बाबांनी ते आजही बाजूला सारलं. "भूकच नाही गं. आता साडेतीनलाच लागेल."

दिवाळीत आई अपघातात गेली, तेव्हा तिच्या पोटावरची चरबी बाबांच्या पोटात बसवली होती. त्यांच्या स्वतःच्या चरबीतले हार्मोन्स बिघडले होते, साखर आणि रक्तदाब दोन्ही आवरत नव्हते. आता सगळं ताळ्यावर आलं होतं, फक्त जेवणाची वेळ चुकत होती.

"चरबी नुसती साठून राहत नाही. भूक कधी लागावी, हेही ती मेंदूला कळवते," डॉक्टर फोनच्या स्पीकरवर मृण्मयीला म्हणाले. "तुमच्या आईची जेवायची वेळ त्या चरबीने धरून ठेवलीये."

"काहीतरीच!" बाबा तडकले. "ती माझ्याआधी जेवायची. मी रोज विचारायचो. 'माझं मघाशीच झालं' म्हणायची."

मृण्मयीने फोन ठेवला. "बाबा, तुम्ही जेवून आडवे व्हायचात. मग आजीचं, आमचं, मग भांडी. त्यानंतर आई उरलंसुरलं घेऊन बसायची."

साडेतीनला पोटात आग पडली, तेव्हा बाबा ओट्याशी, आई बसायची तिथे जमिनीवर टेकले. मृण्मयी ताट घेऊन आली.

त्यांनी हात आडवा धरला. "थांब जरा. तिला किती भूक लागायची, ते तरी कळू दे मला."