दुरुस्तीवरची तारीख

वजदीनं आणलेला खजूर भरलेल्या मकरूद मिठाईचा खोका नजीबाबाईंनी हातात घेतला खरा, पण उघडला नाही. तसाच फ्रिजवर ठेवून दिला. वजदीला वाटलं, झालं, इथंच निकाल लागला.

"ट्यूनिसहून सफाक्सला आलास, तोही त्या कोंबून भरलेल्या टॅक्सीत?" सी तय्यब म्हणाले. नजीबाबाईंचे यजमान, तीस वर्षं शाळेत फिजिक्स शिकवलेला माणूस; नावाआधी सगळे आदरानं 'सी' लावायचे. विचारायची पद्धत अजून फळ्यापुढचीच. "एका सहीसाठी?"

"सहीसाठीच, सी तय्यब."

"मग माझ्या नावानं तूच का नाही ठोकून दिलीस? तीन वर्षांपूर्वी मला न विचारता माझ्याबद्दल बरंच काही लिहिलं होतंस की."

घरोघरच्या संगणकांचा जो गाभा, त्याला फायली साठवायची नवी पद्धत शिकवणारा भाग वजदीच्या ताब्यात होता. जगभरातून लोक दुरुस्त्या पाठवायचे, हा पारखून आत घ्यायचा. त्या मंडळींचे रिवाज कडक. दुरुस्ती ज्याची, सही त्याची. दुसऱ्यानं करायची नाही. आणि दुरुस्ती पत्रातच लिहायची, साध्या अक्षरांत, नटवायची नाही. यातलं काहीच सी तय्यबना ठाऊक नव्हतं. त्यांनी आपली दुरुस्ती वहीच्या पानासारखी नीट मांडली, वजदीची चुकलेली ओळ लाल रंगात दाखवली आणि सही न करताच पत्राला जोडून पाठवली. वजदीनं लाल रंग तेवढा पाहिला, ओळ वाचली नाही. सगळ्यांदेखत उत्तर दिलं, 'रंगकाम शाळेत करा, आजोबा. आधी पत्र पाठवायला शिका.' शेकडो लोकांनी ते वाचलं, पुष्कळ जण हसले. सी तय्यबनी पुन्हा पत्र म्हणून पाठवलं नाही.

चूक मात्र राहिली जागच्या जागी. डिस्क भरत आली की नवी फाइल जुनीच्या उरावर लिहिली जायची, अगदी गुपचूप. या हिवाळ्यात तक्रारींची रीघ लागली. वजदी तीन आठवडे खपला, ती ओळ सापडली, आणि सापडल्यावर मेल्याला आठवलं की ही आपण आधी पाहिलीय. लाल रंगात.

"आमच्याकडे एक फाइल गेली नाही हो," नजीबाबाई कॉफी ठेवत म्हणाल्या. नारंगीच्या फुलांच्या पाण्याचा वास आला. "हे दर नव्या आवृत्तीला आपली दुरुस्ती आपल्या मशीनवर बसवून घेतात. मी म्हटलं, जगाला नको तर राहिलं."

"जगाची गेली ना पण," सी तय्यब म्हणाले. "मी पुन्हा पाठवायला हवी होती. मास्तर असून पोरासारखा रुसून बसलो."

"चूक माझी आहे, सी तय्यब."

"आहेच. सांगतोस कोणाला?" त्यांनी कप खाली ठेवला. "सही देतो. पण दुरुस्तीवर तारीख माझी राहील. नऊ मार्च, तीन वर्षांपूर्वीची."

दुरुस्ती आत गेली की लिहिणाऱ्याची तारीख तिच्यासोबत कायमची राहते. ज्याचं ज्याचं काही गेलं तो ती बघणार, आणि विचारणार, इतके दिवस ही कुठं होती?

"लोक फाडून खातील मला."

"खाऊ देत. मलाही खाल्लंच होतं."

"तुझं स्वतःचं काही गेलं का रे?" नजीबाबाईंनी मध्येच विचारलं.

वजदीला हे सांगायचं नव्हतं. सांगायचं नाही असं टॅक्सीत ठरवून आला होता.

"आईचा आवाज," तो म्हणाला. "शेवटच्या वर्षी तिला बोलतं केलं होतं. चाळीस तासांचं रेकॉर्डिंग. कुसकुस कसा वाफवायचा, कोणाचं लग्न कोणी मोडलं, सगळं. दुसरी प्रत होती, पण तीही त्याच पद्धतीच्या डिस्कवर. म्हटलं, आपल्या हातचं आहे. आपणच भरवसा ठेवला नाही तर..."

नजीबाबाई उठल्या. फ्रिजवरचा खोका काढला, उघडला आणि त्याच्यापुढं ठेवला. सी तय्यबनी चष्मा काढून पुसला.

"तारखेचं जाऊ दे," ते म्हणाले. "आजची घाल. मी आपला रागात बोलून गेलो."

"नको, सी तय्यब." वजदीनं लॅपटॉप त्यांच्यापुढं सरकवला. "नऊ मार्चच."

सी तय्यबनी एका बोटानं, एकेक अक्षर शोधत सहीची ओळ लिहिली. तारीख वजदीनं घातली.

"वारही लागतो ना?" सी तय्यबनी विचारलं. "कोणता होता?"

"रविवार."

त्याला कॅलेंडर बघावं लागलं नाही. रविवारी तो आईकडे जेवायला जायचा. रंगकामाचं ते उत्तर त्यानं त्याच दिवशी तिच्याच टेबलाशी बसून लिहिलं होतं, खो खो हसत, आणि ती स्वयंपाकघरातून म्हणाली होती, "कोणाला हसतोयस रे एवढा?"