खिडकीजवळचा पलंग

वृद्धाश्रमाच्या व्यवस्थापिकेने गादीवर हात फिरवला. म्हणाली, “खिडकीजवळचा पलंग मिळाला, नशीब काढलंत. गादीही नवी आहे. रेडिओमावशी गेल्या, तेव्हा जुनी काढून टाकली.”

मुलगा पिशवी खाली ठेवत होता, तो तसाच वाकलेला राहिला. आई त्याच्याकडे बघत होती.

रेडिओ ही आईची टेलिफोन एक्स्चेंजमधली मैत्रीण. तोंडाला कुलूप म्हणून नाही, त्यावरून पडलेलं नाव. सगळ्यांत आधी इथे तीच आली आणि फोन करकरून तिने जुन्या ऑपरेटर बायकांना एकेक करून इथे ओढलं. मुलाने घराजवळचा वृद्धाश्रम बघून ठेवला होता. तिथे लिफ्ट होती, डॉक्टर होता. पण आई ढिम्म हलली नाही. रेडिओ आहे तिथेच जाईन, नाहीतर कुठेच नाही, म्हणाली. इथे जागा नव्हती. गेल्या आठवड्यात ती अचानक झाली आणि घरात सगळ्यांना हायसं वाटलं. तेव्हापासून रेडिओचा फोन नव्हता. रुसली असेल, असं आईने धरून चाललं होतं.

“तुला माहीत होतं?” आईने विचारलं.

“सांगितलं असतं तर तू आली नसतीस.”

व्यवस्थापिकेने उगाच चादरीची सुरकुती काढली आणि काहीतरी पुटपुटत ती बाहेर गेली.

आईला रडू आलं नाही. बसून बसून पायाला मुंग्या याव्यात, मग तो आपला वाटेनासा व्हावा, तसं तिचं झालं होतं. तिने गादी दाबून पाहिली. कडक होती.

मुलाला स्वतःची लाज वाटली. त्याने पिशवी पुन्हा उचलली. घरी चल, म्हणाला. ते लिफ्टवालंही नको, आमची खोली घे, तुझ्या सुनेला मी समजावतो. या वेळी तो मनापासून बोलत होता.

दारात तिघी येऊन थांबल्या होत्या, एक्स्चेंजच्याच. एकीचे डोळे अजून सुजलेले होते. आत यावं की नाही, ते कोणालाच ठरवता येत नव्हतं.

आईने मुलाच्या हातातून पिशवी घेतली आणि पलंगावर ठेवली.

“घरी कशाला?” ती म्हणाली. “घरी तिला कोण ओळखतं?”